जाऊबाईंचं ताट रिकामं परत देऊ नका

प्रश्न : आम्ही वसईतल्या एका वाडीत राहतो. यंदा नाताळात मिस्टरांच्या आजारपणामुळे हात आखडता होता. नवे कपडे, मोठा केक, रोषणाई यातलं काही केलं नाही. जुन्याच मूर्ती काढल्या, मुलांनी पेंढ्याची गव्हाणी केली. फराळ थोडाच केला, पण आळीतल्या सगळ्या घरांत पोचवला. शेजारच्या एकट्या आजींना दोन दिवस जेवायला बोलावलं. खरं सांगते, इतका शांत नाताळ कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्यातच बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद असलेल्या धाकट्या दिरांच्या घरून ताट आलं. ते मी धुवून ठेवलंय. पण दर वर्षीचा अनुभव असा, की दहा जानेवारीपर्यंत सगळी दारं पुन्हा बंद होतात. मिस्टर म्हणतात, सण तो सण, रोज कुठे सण असतो? हा साधेपणा वर्षभर टिकवायचा तर नेमकं काय करावं?
— एक वाचक भगिनी, वसई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात निकडीचं वाक्य मधेच दडलंय : ‘ते मी धुवून ठेवलंय.’ वर्षभराचं नंतर बघू. आधी ते ताट.

ताट रिकामं परत द्यायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण ते किती दिवसांत जावं, कोणी न्यावं आणि त्यात काय असावं, यावर बरंच अवलंबून आहे. आठ दिवसांच्या आत न्या. महिना उलटला की त्याच ताटाचा अर्थ बदलतो. समोरच्याला वाटतं, यांना नकोच होतं, आता भांडं अडकलंय म्हणून आणून दिलं. मुलाच्या हाती एकट्याने पाठवू नका, स्वतः जा. सोबत लहान मूल असेल तर उत्तम, कारण मूल असलं की मोठ्यांना बोलायला विषय मिळतो आणि नको ते विषय निघत नाहीत. संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ बरी. जेवणवेळ टाळा, नाहीतर ‘जेवून जा’ आणि ‘नको नको’ यातच अवघडलेपण येतं.

ताटात आलं त्याहून भारी काही घालू नका. करंज्या आल्या म्हणून तुम्ही सुकामेव्याचा डबा नेलात, तर ती परतफेड होते, आणि परतफेड झाली की हिशेब मिटतो. आपल्याला तो मिटवायचा नाही, चालू ठेवायचा आहे. वाडीतली वेलची केळ्यांची एक फणी आणि मूठभर शंकरपाळ्या पुरेत. (केळी घरामागची असू द्या. वादाच्या बांधावरची नकोत!) ओट्यावर बोलावलं तर ओट्यावर बसा, आत बोलावलं तर आत. दहा मिनिटं खूप झाली. ‘ताट मिळालं, करंज्या छान झाल्या होत्या, मुलांनी सगळ्या संपवल्या’, एवढं बोललात तरी पहिल्या भेटीचं काम झालं.

या भेटीत बांधाचा विषय काढायचा नाही. त्यांनी काढला तर ‘ते पुरुषमंडळी नि वकील बघतील, आपण चहा घेऊ’ म्हणून बाजूला सारा. अशा ठिकाणी बहुतेकांची एकच चूक होते. सणाच्या उमाळ्यात पहिल्याच भेटीत सगळं मिटवायला जातात, कोणीतरी जुनं वाक्य उकरून काढतं आणि सहा वर्षांचा अबोला दहा वर्षांचा होतो. जमिनीची मोजणी, कागद, दावा काही असेल तर ते त्याच्या गतीने चालू द्या. बोलणं त्याच्याशी बांधू नका. पुढचा टप्पा महिन्या-दोन महिन्यांनी आपोआप येतो : त्यांच्याकडे आजारपण, मुलाची परीक्षा, एखादी मयत. अशा वेळी बोलावण्याची वाट न बघता जायचं.

आता वर्षाकडे वळू. तुम्ही दहा जानेवारी म्हणालात ते गमतीने अगदी नेमकं पडतं. उपासनेच्या दिनदर्शिकेप्रमाणे नाताळकाळ 25 डिसेंबरला संपत नाही, सुरू होतो. तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, आणि 2027 मध्ये तो सण रविवारी, 10 जानेवारीलाच आहे. त्याआधी 3 जानेवारीच्या रविवारी प्रभुप्रकटीकरण, म्हणजे तीन राजांचा सण. बाप्तिस्म्याच्या सणानंतर जो काळ सुरू होतो त्याला चर्चने नावच दिलंय ‘सामान्य काळ’. वर्षातले 33 किंवा 34 आठवडे या काळाचे असतात. तेव्हा मिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे : रोज सण नसतो, नसावाही. तुम्हाला यंदा जे आवडलं तो सण नव्हताच मुळी. रोषणाई आणि केक वजा झाल्यावर जे उरलं ते आवडलं. ते सामान्य काळात चालतं, कारण त्याला खर्च नाही आणि तयारीही फार नाही.

मग ते टिकत का नाही? नाताळला तारीख असते, आणि त्या तारखेला सगळेच दार उघडतात. जानेवारीत तारीख नसते. ‘वर्षभर सगळ्यांशी चांगलं वागायचं’ हा संकल्प म्हणूनच पंधरवड्यात विरतो : तो कोणत्या वारी, किती वाजता, कोणाच्या घरी करायचा ते त्यात लिहिलेलं नसतं. त्यात मुलांच्या परीक्षा येतात, लग्नसराई येते, अंगात थकवा असतो. म्हणून आमचा सल्ला एवढाच : नाताळातल्या दोनच गोष्टी निवडा, एक ताट आणि एक भेट, आणि त्यांना वार लावून द्या. तिसरी घेऊ नका. पाच गोष्टी धरणाऱ्यांच्या मार्चपर्यंत पाचही सुटतात.

ताटाचं असं करा. महिन्याला एक ताट, एकाच घरी. आळीभर नाही. तुमच्या आळीत बारा-चौदा घरं असतील तर वर्षात जवळपास प्रत्येकाची पाळी येते. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घराचं नाव आजच लिहून टाका, नोव्हेंबर सोडून अकराही महिन्यांची. सुरुवात ज्यांच्याकडे आपण सगळ्यात कमी जातो त्यांच्यापासून करा. जवळच्या मैत्रिणीचं घर डिसेंबरला ठेवलंत तरी ती रागवायची नाही. ताट म्हणजे दीडशे-दोनशे ग्रॅम खाऊ किंवा चार फळं, त्याहून जास्त नको. जास्त दिलं की घेणाऱ्यावर ओझं होतं आणि चौथ्या महिन्यापासून तुम्हालाही जड जातं. भांडं स्टीलचं आणि साधं असू द्या, बुडाला आडनाव कोरलेलं. प्लॅस्टिकच्या डब्यात दिलंत तर तो परत येत नाही. आणि परत येण्यातच तर सगळी गंमत आहे.

ताटात काय घालायचं ते ऋतूवर सोडा. जानेवारीत तिळगूळ आहेच. फेब्रुवारीत जरा लक्ष द्या : 2027 मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे आपल्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 10 फेब्रुवारीला येतो आणि रमजानही चंद्रदर्शनाप्रमाणे त्याच आठवड्यात सुरू होईल. आळीत मुसलमान घर असेल तर ते फेब्रुवारीत घ्या. खजूर, कलिंगडाच्या फोडी, केळी, आणि सूर्यास्ताआधी वीसेक मिनिटं पोचेल असं पाठवा. दुपारी नेऊन देऊ नका, दिवसभर ते झाकून ठेवत बसावं लागतं. आपल्याकडेही उपवासकाळ असतो, तेव्हा तळणीचं काही न करता फळांवर भागवलंत तर दोन्ही घरांना सोयीचं. मार्चमध्ये ज्या घरात दहावी-बारावीचं मूल आहे तिथे ताट दारातच द्या, बसू नका. मे महिन्यात जांभळं, करवंदं, आंबे असतील ते. पावसाळ्यात शंकरपाळ्या दोन दिवसांत सादळतात, तेव्हा गरम उकडलेली मक्याची कणसं किंवा भाजलेले शेंगदाणे बरे.

सप्टेंबर 2027 मात्र भरगच्च आहे. गणेशचतुर्थी 4 तारखेला आणि पवित्र मारियेचा जन्मोत्सव 8 तारखेला, एकाच आठवड्यात. हिंदू शेजाऱ्यांकडे त्या दिवसांत खाण्याची कमतरता नसते, फुलांची असते. वाडीत सोनचाफा किंवा मोगरा असेल तर चतुर्थीच्या सकाळी सातच्या आत परडीभर फुलं नेऊन द्या. त्या महिन्याचं ताट तेच.

नोव्हेंबरचं नाव आत्ता लिहू नका, मोकळं ठेवा. 2 नोव्हेंबरला सर्व मृतांचा स्मरणदिन असतो. वर्षभरात आळीत ज्या घरी कोणी गेलं असेल ते घर तेव्हा घ्या. गोव्यात कोंसुआदची, म्हणजे नाताळच्या गोडाची ताटं शेजारी वाटण्याची जी रीत आहे तिच्यातही हे आहे : दुखवट्याच्या घरात त्या वर्षी गोडधोड करत नाहीत, ते शेजारून येतं. आपण मात्र कित्येकदा उलटं करतो. ‘त्यांच्याकडे दुःख आहे, गोड कसं न्यायचं’ म्हणून नेमकं तेच घर वगळतो.

ताटाबरोबर दोन शब्दांची चिठ्ठी ठेवायची सवय लावा : ‘अंडं आहे’ किंवा ‘अंडं नाही’. केकमध्ये रम घातली असेल तर तेही लिहा. शाकाहारी घरी द्यायचं तळण मासे तळलेल्या तेलात कधीच करू नका, ताजं तेल घ्या. कोणी विचारत नाही, पण न विचारता खाता आलं पाहिजे. मधुमेह असलेल्या घरी भाजलेले चणे, शेंगदाणे किंवा पेरू. आणि देताना-घेतानाचा फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकू नका. पुढच्या महिन्यापासून लोक आपली पाळी कधी ते मोजायला लागतात.

आता आजी. ही भेट ताटापेक्षा अवघड, आणि आमच्या मते जास्त गरजेची. नाताळात दोन दिवस जेवायला बोलावलंत ते चांगलंच केलंत, पण एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सणाच्या पंगतीपेक्षा ठरलेला वार हवा असतो. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, मिस्सावरून येताना पाऊण तास, असं ठरवा. आदल्या संध्याकाळी ‘उद्या येतेय’ असा निरोप द्या, म्हणजे त्यांची वाट बघणं शनिवारीच सुरू होतं. नवीन वार लावण्यापेक्षा चर्चच्या वाटेला भेट जोडली तर ती सहसा चुकत नाही. शक्यतो दोघांनी जा. 1833 साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचे, म्हणजे गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचे, सदस्य घरभेटीला दोघादोघांनी जातात, त्यामागे व्यवहार आहे : एक जण बोलतो तेव्हा दुसऱ्याला घरात काय कमी आहे ते दिसतं.

काय बघायचं? औषधांच्या पट्ट्यांवरची मुदत. गोळ्या कापून ठेवताना तारखेची कड बहुधा आधी कापली जाते, म्हणून त्यांना दुसऱ्या टोकाकडून कापायला सांगा. गॅसची रबरी नळी : तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षं झाली असतील तर बदलून घ्या. न्हाणीघरातला ओला गुळगुळीत कोपरा. विजेचं बिल. मोबाइलचा रिचार्ज संपल्यामुळे परदेशातल्या मुलाचा फोन आठवडाभर लागला नाही, असं सर्रास होतं आणि दोन्हीकडे रुसवे होतात. आजींना पेन्शन असेल तर हयातीच्या दाखल्याची तारीख दिनदर्शिकेवर घाला. केंद्र सरकारच्या पेन्शनला तो नोव्हेंबरात द्यायचा असतो, वय 80 च्या पुढे असेल तर 1 ऑक्टोबरपासून देता येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनला महिन्याचं बंधन नाही, दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो. बँकेत जाणं जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन बोटाच्या ठशावर तो करून देतो, टपाल कार्यालयात मागणी नोंदवा.

हे सगळं पाहणं पाच-सात मिनिटांचं. उरलेला वेळ त्यांचा. सल्ले देऊ नका, ‘मुलाकडे का जात नाही’ हे तर अजिबात विचारू नका. एखादी गोष्ट चौथ्यांदा सांगतील, ऐका. आणि एखाद्या रविवारी जमणार नसेल तर न जमल्याचा फोन करा. ठरलेल्या दिवशी कोणी आलंही नाही नि कळवलंही नाही, तर न ठरवलेलं बरं होतं असं त्यांना वाटतं.

मिस्टरांना यात घ्यायचं असेल तर त्यांना वेगळं काम द्या, तुमच्या कामात मदतनीस करू नका. आजारातून उठलेल्या माणसाला ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ याचाच कंटाळा आलेला असतो. दिनदर्शिका आणि भांड्यांचा हिशेब त्यांच्याकडे सोपवा : कोणतं भांडं कुठे गेलं, कधी आलं. पाहा, मार्चपर्यंत तेच तुम्हाला ‘या महिन्याचा शनिवार कोणाचा?’ म्हणून विचारतील. पैशाचं एकच सांगतो. यंदा न केलेला खर्च अंदाजाने का होईना, कागदावर मांडा. त्यातला थोडा भाग बारा ताटांसाठी डब्यात टाका. ताटाला सरासरी दीडशे रुपये धरले तरी वर्षाचे अठराशे होतात, आणि वाडीतली फळं-फुलं वापरली तर तेवढेही लागत नाहीत.

गव्हाणी 10 जानेवारीपर्यंत राहू द्या. घाईने 1 तारखेला आवरू नका, मुलांनी केली आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा त्यात गवत होतं आणि खरे बैल-गाढव होते. तुमच्या पोरांची पेंढ्याची गव्हाणी त्याच्या जवळची आहे. आवरताना पेंढा खोक्यात भरून ठेवण्याची चूक टाळा : पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, उंदीर-झुरळं येतात आणि मूर्तींचे रंग जातात. रंग किंवा चमकी लागलेली नसेल तर गुरांना घाला, नाहीतर केळीच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरा. चमकी लागलेला पेंढा गुरांनाही नको नि वाडीतही नको. प्लास्टरच्या मूर्ती ओल्या फडक्याने पुसू नका, रंग सुटतो. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, आधी जुन्या सुती कापडात आणि मग वर्तमानपत्रात गुंडाळा, कारण छपाईची शाई थेट मूर्तीला लागली की निघत नाही. बाळ येशूची मूर्ती मात्र वेगळ्या छोट्या डबीत, नाव लिहून. दर वर्षी 24 तारखेच्या रात्री सगळं घर तीच शोधत असतं.

शेवटी जाऊबाईंच्या ताटासाठी शंकरपाळ्यांचं प्रमाण देतो, पुढे शनिवारच्या ताटांनाही चालेल. यात अंडं नाही. एक वाटी (150 मिली) दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, चिमूटभर मीठ. साखर विरघळेपर्यंतच गरम करा, उकळी नको. कोमट झालं की मावेल तेवढा मैदा घाला, साधारण अर्धा किलो लागतो. गोळा घट्टसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, फार मळू नका, कडक होतात. अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, कापा, आणि आधी एकच तुकडा तेलात सोडून पाहा. तो तेलात विरला तर तूप जास्त झालंय, उरलेल्या गोळ्यात दोन-तीन चमचे मैदा मिसळा. बाहेरून लगेच लाल झाला तर तेल फार तापलंय, आतून कच्चा राहील. मंद ते मध्यम आचेवर एक घाणा सहा-सात मिनिटं घेतो. तळून झाल्या की कागदावर पसरा आणि तासभर तरी हात लावू नका. गरम असताना झाकण घातलं तर वाफ धरून त्या मऊ पडतात. तेव्हा सकाळी करा, म्हणजे संध्याकाळी पाचला नेता येतील.